तेविसावा कागद

समद,

तुझ्या मयतीलाही मला तुझा हेवा वाटला. हे वाक्य कागदावर उतरवायला मला सहा आठवडे लागले, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

शारजाच्या कबरस्तानात भर उन्हात इतकी माणसं होती की माती द्यायला मला रांगेत उभं राहावं लागलं. दुबईतल्या तुझ्या देऱ्याच्या ऑफिसखालचा केरळी चहावाला, दोरखंडांची वेटोळी उतरवणारे पठाण, आणि तो म्हातारा इराणी नाखवा, ज्याने त्या दिवशी आपलं गलबत धक्क्यावरून सोडलंच नाही. तुझ्या मुलाने, रिझवानने सांगितलं तशी मी तीन मुठी माती टाकली. दुसरी मूठ टाकताना मनात आलं, माझ्या वेळी एवढे येतील का? रास अल खैमाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं लाद्यांमधले दोष शोधतोय. रोज तास-सव्वा तास गाडी चालवत जायचं, चिरा नि फुगे मोजायचे, परत यायचं. तू दोर विकायचास आणि माणसं बांधून ठेवायचास. मित्राच्या कबरीपाशी उभा राहून मी हा हिशेब करत होतो.

तुझी नि माझी ओळख लिफ्टमध्ये झाली. अल नहदातल्या आपल्या बिल्डिंगमध्ये तू नवव्या मजल्यावर, मी चौथ्या. मी फोनवर कुणाला तरी सांगत होतो की वडील भूमी अभिलेखात होते आणि त्यांनी मला दर रविवारी समोर बसवून मोडी शिकवली. चौथा मजला आला, मी उतरलो, आणि तूही माझ्यामागे उतरलास.

"तुम्हाला मोडी येते? खरी मोडी? वाचता?"

"वाचतो."

"यल्ला, मग वर चला. आता चला."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तूच खाली आलास, पिवळी फाईल घेऊन. त्या दिवसापासून मी तुझा 'पंडित' झालो.

फाईलमधली गोष्ट तू किती जणांना सांगितली असशील. तुमच्या गावी, रत्नागिरीकडच्या त्या खाडीवर, तुमच्या घराला लोक अजून 'टोपीकराचं घर' म्हणतात. टोपीकर म्हणजे टोपीवाला गोरा. खाडीच्या काठाला एक बिननावाची कबर आहे, तिलाही टोपीकराची कबर म्हणतात. तुझे आजोबा गलबतांची शिडं शिवायचे, त्यांचे आजोबाही शिवायचे, आणि घरात सांगत आलेले की पहिला शिवणारा इंग्रज होता, जहाजावरून आलेला. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचा. तुझे डोळे घारे, म्हणून तुझी खात्रीच होती.

"घारे डोळे कोकणात गल्लोगल्ली आहेत," मी म्हणायचो. "माझेही आहेत. मग मीही इंग्रज."

"तू लाद्या बघून बघून घारा झालायस, पंडित."

तुझी चिकाटी मात्र मान्य करायला हवी. इंटरनेटवरच्या कुठल्या वंशावळीच्या मंडळात तुला रूथ सापडली. इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावची ऐंशीच्या पुढची निवृत्त शिक्षिका. तिच्या घराण्यातला टॉमस वेल्बी नावाचा एक शिडं शिवणारा कारागीर हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजावर चढला आणि परत आला नाही. त्यांच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर सगळ्यांचे जन्म-मृत्यू लिहिलेत. टॉमसच्या पुढे जन्म आहे, मग रिकामी जागा. रूथने जुनी दप्तरं उघडायला लावून त्या जहाजाची हकीकत मिळवली. डोलकाठी मोडली म्हणून जहाज तुमच्या खाडीच्या तोंडाशी आठवडाभर थांबलं होतं. खलाशांच्या हजेरीपटावर टॉमसच्या नावापुढे एक अक्षर होतं. त्या अक्षराचा अर्थ, पळून गेला.

इथे आपलं भांडण सुरू झालं आणि ते तू जाईपर्यंत चाललं.

"पळाला म्हणजे पळाला," मी म्हणायचो. "सरकारी कागद आहे. नोकरी सोडून, घरदार टाकून पळालेला माणूस. त्याचा एवढा अभिमान कसला?"

तू चिडायचास. तुला चिडलेलं मी फक्त या एकाच विषयावर पाहिलं.

"कप्तानाने लिहिलं म्हणून खरं? अरे, आपण कुठे राहतो? इथे माणूस हॉस्पिटलात पडलेला असतो आणि कंपनी 'अबस्काँडिंग' टाकून मोकळी होते. फरार. माझ्या डोळ्यांसमोरचा पेंटर. पाय मोडून पडलाय बिचारा, आणि सिस्टीममध्ये फरार. त्याला विचारलं कुणी?"

"पुरावा दाखव."

"तू वाच ना. पुरावा तूच वाचणार."

पुरावा म्हणजे तुझ्या चुलतभावाने गावच्या पेटीतून काढलेले एकतीस मोडी कागद. झेरॉक्स करून एका येणाऱ्याच्या हाती पाठवले होते त्याने. दर शुक्रवारी, तू नमाजहून आलास की मी नवव्या मजल्यावर यायचो. हमीदाभाभी खोबऱ्याच्या सांज्या नाहीतर घावणे आणून ठेवायच्या. मी भिंग घेऊन बसायचो आणि तू माझ्या तोंडाकडे बघत. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरं तिला लटकवत जातो, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा तू हसलास. "म्हणजे आधी दोरी बांधली, मग कपडे वाळत घातले. हे तर आमचंच काम."

मला तो शुक्रवार आवडायचा. हेही खरं आहे, आणि ते लिहायलाच हवं. आठवड्यातले ते दोन तास मी कुणाला तरी हवा होतो.

मग तिथे सानिका यायला लागली. माझी मुलगी. घरी मी तिला मोडीचं 'अ' काढून दाखवायला गेलो की "बाबा, नॉट नाऊ." तुझ्या घरी मात्र ती जमिनीवर नकाशा पसरून बसायची. जहाज कुठून निघालं, कुठे पाणी भरलं, वारा कधी फिरला, तू तिला सांगायचास. तू हातवारे करून वादळ उभं करायचास आणि ती खिदळायची. माझ्या बापाकडून आलेली विद्या मी तुझ्या पूर्वजासाठी झिजवत होतो आणि माझी मुलगी तुझ्याकडे बघत होती. मी भिंगावरून मान वर केली तरी तिला कळायचं नाही.

तिच्या शाळेत 'माय हेरिटेज' नावाचं प्रदर्शन होतं. मी वडिलांचा बोरूचा डबा काढून ठेवला. त्यांच्या हातचे दोन कागदही होते. आमच्या घराण्याची माहिती फार नाही, पणजोबांच्या मागे काही सापडत नाही, पण जेवढी होती तेवढी मी तिच्यासाठी एका पानावर लिहून दिली. प्रदर्शनाला गेलो तर तिच्या बोर्डावर निळ्या रंगात समुद्र, त्यात एक जहाज, आणि वर 'द सेलमेकर'. तू कोट घालून तिच्या शेजारी उभा. तिने तुला बोलावलं होतं. मी होतो तो फक्त तिला गाडीतून सोडणारा.

तिच्या टीचरने विचारलं, "इज धिस युवर फॅमिली?"

सानिका म्हणाली, "ऑलमोस्ट."

तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. तुला वाटलं मलाही मजा वाटली असेल. घरी आलो तेव्हा बोरूचा डबा टेबलावर होता तिथेच होता. मी लिहिलेलं पान त्याच्याखाली, घडीही न मोडलेलं.

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी तेविसावा कागद माझ्यासमोर आला.

पुसट होता, पण वाचता येत होता. पहिल्या तीन ओळींतच मला कळलं काय आहे ते. अठ्ठावीस शुक्रवार आपण ज्याची वाट पाहिली ते माझ्या भिंगाखाली होतं, आणि ते जगात त्या क्षणी फक्त मला ठाऊक होतं.

"काय म्हणतो?" तू विचारलंस.

"काही नाही. खारवाडीच्या हद्दीचा कागद. माड किती, बांध कुठला, नेहमीचं."

"टोपीकर?"

"नाही."

तू "हं" म्हणालास. मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणालास, "थकलास तू पंडित. चहा घे." मी तो कागद बॅगेत टाकला. "पुसट आहे, घरी उजेडात नीट बघतो," असं सांगितलं.

मी ठरवून खोटं बोललो नव्हतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पुढच्या शुक्रवारी सांगू. मग त्याच्या पुढच्या. पण शुक्रवारी तू खोटं पकडल्यासारखं कधी बघितलंच नाहीस, आणि सांगायला कारण उरलं नाही. उरलेले आठ कागद संपले. त्यांत काही नव्हतं. तू रूथला कळवलंस की काही मिळालं नाही, आणि तिचं उत्तर मला वाचून दाखवलंस. तिने लिहिलं होतं, हरकत नाही, फक्त त्याच्या शेवटी कुणी जवळ होतं का एवढं कळलं असतं तर बरं वाटलं असतं. ते तू वाचत असताना मी घावणा खात होतो. अडीचशे वर्षं त्या घराला काही कळलं नाही, त्यातलं शेवटचं दीड वर्ष माझ्यामुळे.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी रिझवान पिवळी फाईल घेऊन खाली आला.

"अंकल, ही तुमच्याकडेच ठेवा. आमच्यात कुणाला वाचता येत नाही. अब्बा असते तर त्यांनीही तुम्हालाच दिली असती."

फाईलमध्ये वर तुझी यादी होती. एक ते एकतीस, प्रत्येकापुढे तुझ्या पेन्सिलीने दोन शब्द. तेविसाव्यापुढे लिहिलं होतंस, "हद्द. पंडितकडे आहे. पुसट. परत विचारणे."

संशयाने लिहिलेलं वाटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तू दुकानातल्या मालाची नोंद करतोस तसंच ते लिहिलेलं होतं. विश्वासाने, आणि विसरू नये म्हणून. विचारलंस तू दोनदा. मी दोनदा म्हटलं, अजून बघितला नाही.

मी रिझवानला म्हटलं, मला भाभींशी बोलायचंय. तो संकोचला. "अम्मी इद्दतमध्ये आहे, अंकल. चार महिने दहा दिवस. बाहेरच्या पुरुषांसमोर येत नाही. काही असेल तर सानिकाकडे द्या ना. ती रोज येते, अम्मीला बरं वाटतं."

भाभी उर्दू शाळेत शिकलेल्या. देवनागरी त्यांना अडखळतच वाचता येते, रिझवानला तेवढीही नाही. म्हणजे कागद नुसता पाठवून भागणार नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवायला हवा. आणि आमच्या दोघांच्या घरातून तिथे आत जाऊ शकणारी व्यक्ती म्हणजे सानिका. तुझ्याकडे कबूल करायची वेळ मी घालवली होती. आता जिच्यापायी मी ते केलं तिच्याच तोंडून ते वाचून घ्यायचं होतं.

मी मोडीवरून देवनागरीत मोठ्या अक्षरांत सगळं उतरवून काढलं. अगदी लहानपणी मुंबईहून इथे आलेली मुलगी, मराठी वाचते ती बोट ठेवून. तिला समोर बसवून म्हटलं, चाचींना हे वाचून दाखवायचंय, आधी एकदा माझ्यासमोर वाच. ती वाचायला लागली.

"आमिना, बायको दाऊद टोपीकर, मौजे मजकूर, हिने अर्ज केला ऐसा जे. माझा खावंद दाऊद टोपीकर, शिडे शिवणार..."

ती थांबली. बोट तिथेच.

"बाबा, धिस इज हिम."

"हो."

"ओ माय गॉड. व्हेन डिड यू फाइंड धिस?"

काल, असं म्हणता आलं असतं. फाईल रिझवानने आणून दिली होती, तिला सगळं पटलं असतं. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तो शब्द जिभेवर जाणवला. समद, मी तो जवळजवळ बोललोच होतो.

"दीड वर्षापूर्वी," मी म्हटलं.

तिला समजायला वेळ लागला. "चाचा न्यू?"

"नाही. मी त्याला सांगितलं नाही. यात काही नाही असं सांगितलं."

"व्हाय?"

"तुझ्या बोर्डावर माझे बाबा नव्हते म्हणून."

मी तिच्या वयाचा वाटत असेन तिला, किंवा तिच्याहून लहान.

"आय वॉज थर्टीन, बाबा," ती म्हणाली.

मग तिने कागद शेवटपर्यंत वाचला, अडलेले शब्द मला न विचारता मोबाईलवर शोधले. उठताना एवढंच म्हणाली, "आय विल रीड इट टू हर. बट यू कम. यू सिट इन द हॉल."

मी तुमच्या हॉलमध्ये बसलो. तुझ्या खुर्चीवर नाही, समोरच्या सोफ्यावर. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं, त्याला पडदा. आधी सानिकाने तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं, "चाची, हा कागद बाबाकडे होता. बाबाने लपवला. चाचाला नाही दिला." मग तिने वाचायला सुरुवात केली.

"माझा खावंद दाऊद टोपीकर, शिडे शिवणार. जहाजातून दुखणाईत म्हणोन बंदरी उतरविला. जहाज निघोन गेले. गावकरी यांनी औषधपाणी केले, तो बरा जाहला. फिरोन कोणी न्यावयास आले नाही. आमचे दीनात येऊन, दाऊद नाव घेऊन येथेच राहिला. बावीस वर्षे गावची शिडे शिवली. आता मयत जाहला. मी जवळ होते. पदरी एक लेक. खारवाडी त्याणे माड लावून केली आहे, ती मजकडे चालवावी."

आतून भाभींचा आवाज आला. "परत वाच गं."

सानिकाने परत वाचलं. या वेळी बोट न ठेवता वाचत असावी, कारण अडखळली नाही. "मी जवळ होते" इथे भाभी म्हणाल्या, "हां, थांब जरा." देऱ्याच्या ऑफिसात तू खुर्चीत बसल्या बसल्या गेलास, तेव्हा त्या इथे स्वयंपाकघरात होत्या. ते मला तेव्हा आठवलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "वाच पुढे."

मग पडद्याआडून माझ्यासाठी प्रश्न आला.

"भाऊ, तिला वाडी मिळाली का मग?"

दीड वर्षात मी तो कागद किमान पन्नास वेळा वाचला होता. लपवण्यासाठी, लपवलाय याची खात्री करण्यासाठी, कधी फाडून टाकावा म्हणून. आमिनाचं पुढे काय झालं हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. तू असतास तर पहिलं तेच विचारलं असतंस.

"कागदात नाही ते, भाभी. हुकूम वेगळा निघाला असेल. तो या कागदांत नाही."

"मिळाली असणार," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी लगीन होऊन कुठे आले असते? त्याच खारवाडीत आले ना मी."

पडद्याआड कुणीतरी रडता रडता हसलं. भाभीच असाव्यात. मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला, घावणे संपले की पीठ भिजवायला सांगतात तसा. "त्या इंग्लंडच्या बाईला आजच कळवा. म्हातारी आहे ती. पुन्हा उशीर नको."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. रिझवानने चहा आणला, मी प्यालो, कप स्वतः नेऊन सिंकमध्ये ठेवला आणि खाली आलो.

रूथला मी त्याच दिवशी लिहिलं. किती काळ कागद माझ्याकडे होता तेही लिहिलं. दोन दिवसांनी तिने बायबलच्या पानाचा फोटो पाठवला. टॉमसच्या पुढच्या रिकाम्या जागेत थरथरत्या हाताने आमिनाचं नाव लिहिलंय, आणि खाली तुझं. तुझं नाव तिथे बघून मला पुन्हा हेवा वाटला. हे जात नाही, समद. सानिका अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि रोज नवव्या मजल्यावर जाते, तेव्हाही वाटतं. पण आता त्याचं नाव मला माहीत आहे, आणि तिलाही.

आपलं एक भांडण राहिलं होतं, ते मिटवून टाकतो. तो पळाला नव्हता. आजारी होता, उतरवला, आणि त्याला न्यायला कुणी परत आलं नाही. तुझं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते दीड वर्ष ठाऊक होतं.

यादीतलं "परत विचारणे" मी खोडलेलं नाही. तुझं अक्षर आहे ते. कागद फाईलमध्ये परत लावलाय, बावीस आणि चोवीसच्या मधे.